बोट आधी घ्यावी की घरांची यादी आधी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नदीकाठी सुमारे दोनशे घरांची वस्ती आहे. गेल्या पावसाळ्यात रात्रीतून पाणी शिरलं. आदल्या संध्याकाळी इशारा मिळाला होता, भोंग्याची गाडीही फिरून गेली होती, तरी निम्मी घरं हलली नाहीत आणि बऱ्याच जणांना छपरावर बसून रात्र काढावी लागली. आता तरुणांच्या गटाने वर्गणी जमवली आहे आणि त्यातून बोट व लाइफ जॅकेटं घ्यावीत असं बहुतेकांचं म्हणणं आहे. व्हॉट्सअॅप ग्रुप आहेच, तेवढा पुरेल का? आणि पाणी ओसरल्यावर मदतीचे ढीग येतात, भांडणं होतात, त्याचं काय करायचं?

वस्त्यांसोबत आपत्तीच्या पूर्वतयारीचं काम मी बरीच वर्षं करते आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. बोटीचं उत्तर पुढे येईलच, पण तुमच्याच मजकुरातल्या एका गोष्टीकडे आधी लक्ष वेधते. इशारा संध्याकाळी मिळाला आणि पाणी रात्री आलं. मधे काही तास होते. ते तास हातातून गेल्यावर जे लागतं त्याला बोट म्हणतात. म्हणून पहिला प्रश्न असा घ्या की, इशारा कानावर पडल्यापासून वस्तीतला शेवटचा माणूस उंचावर पोचेपर्यंत नेमकं कुठे कुठे अडलं? त्याचं उत्तर तुमच्याच लोकांकडे आहे आणि ते मिळवायला पैसा लागत नाही.

माहिती असूनही माणसं जीव गमावतात, याचं मला सगळ्यात चटका लावणारं उदाहरण कोलंबियातल्या आर्मेरोचं वाटतं. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री नेवादो देल रुईस या ज्वालामुखीचा उद्रेक झाला, शिखरावरचं बर्फ वितळलं आणि चिखलाचे लोंढे नद्यांच्या पात्रांतून खाली आले. ते आर्मेरोला पोचायला दोन तासांहून जास्त वेळ लागला. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार झालेला होता आणि हे शहर त्यात धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेलं होतं. उंच जागा चालत जाण्याच्या अंतरावर होती. तरी त्या रात्री सुमारे २३,००० माणसं गेली, त्यातली बहुतेक आर्मेरोची. नकाशा होता, वेळही होता. ‘निघा’ हे कोणी, कधी आणि कोणाला सांगायचं, एवढंच ठरलेलं नव्हतं.

याच्या उलट बांगलादेश. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसं मेली. १९७२ पासून सरकार आणि रेड क्रॉस यांनी मिळून किनाऱ्यावरच्या गावागावांत स्वयंसेवक उभे केले. त्यांच्याकडे फार मोठी साधनं नव्हती. हातातला भोंगा, हाताने फिरवायचा सायरन, धोका जसजसा वाढेल तसतसे एक, दोन, तीन झेंडे आणि प्रत्येकाला नेमून दिलेली घरं. १९९१ च्या वादळात तरीही १ लाख ३८ हजारांच्या आसपास मृत्यू झाले, कारण निवारे फार कमी होते. पुढे निवारे वाढले, अंदाज सुधारले, आणि २००७ च्या सिद्र वादळात मृतांचा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास राहिला. हाही दुःखद आकडाच आहे. पण हा फरक पडला तो इशारा, निवारा आणि दार ठोठावणारा ओळखीचा माणूस या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर. तुमच्या वस्तीत इशारा होता, उंचावरची शाळाही होती. ओळखीचा माणूस दारात आला नाही.

आता परिस्थितीनुसार काय बदलतं ते सांगते, कारण कोणाचीही योजना जशीच्या तशी उचलून चालत नाही. सगळं हाताशी किती वेळ आहे यावर ठरतं. मोठी नदी वरच्या भागातल्या पावसाने किंवा धरणाच्या विसर्गाने चढत असेल तर तासांचा, कधी दिवसांचा अवधी मिळतो. डोंगरातला ओढा असेल तर मिनिटांचा. अशा ठिकाणी भोंग्याची वाट बघण्यात अर्थ नसतो, लोकांना खुणा पाठ असाव्या लागतात: पाणी एकदम गढूळ होणं, ओंडके-पालापाचोळा वाहून येणं, वरून घरघर ऐकू येणं. दरडीच्या जागी जमिनीला नव्या भेगा, कललेले खांब, घट्ट बसू लागलेली दारं-खिडक्या, अचानक आटलेला किंवा गढुळलेला झरा या खुणा. भूकंपात तर अवधीच नाही. तिथली तयारी म्हणजे घराचं मजबूत बांधकाम आणि शेजारी. १७ जानेवारी १९९५ ला जपानमध्ये कोबेला भूकंप झाला तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं. पथकं एवढ्या ठिकाणी एकाच वेळी पोचूच शकत नव्हती.

खुणा पाठ असण्याचं बळ किती असतं ते इंडोनेशियाच्या सिमेउलुए बेटावर दिसलं. १९०७ च्या त्सुनामीनंतर तिथे पिढ्यान्‌पिढ्या गाण्यांतून, आजी-आजोबांच्या गोष्टींतून एकच शिकवण चालत आली: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला की टेकडीकडे पळायचं. २६ डिसेंबर २००४ ला पहिली लाट दहाएक मिनिटांत आली. बेटावर ७० हजारांहून जास्त लोक होते, त्यातले सात दगावले. ना सायरन, ना मेसेज.

तुमच्याकडे तासांचा अवधी आहे असं धरून पुढचं लिहिते. ओढ्याकाठी असाल तर पुढे सांगितलेला खांब आणि पट्टे विसरा, खुणा आणि पळण्याची वाट यावरच सगळा भर द्या.

लोक हलत का नाहीत, हे आधी समजून घ्या. ‘लोकांना कळतच नाही’ असं तुमच्या गटातल्या कोणी म्हटलं असेल तर त्याला प्रेमाने थांबवा. न हललेल्या प्रत्येक घरात जाऊन विचारा. मी जिथे जिथे हे केलं तिथे कारणं अगदी शहाणपणाची निघाली. गाई-म्हशी कुठे बांधायच्या? घर उघडं टाकलं तर चोरी होईल. सासऱ्यांना उचलायचं कसं? शाळेत संडासाला आतून कडी नाही, दिवा नाही, तरण्या मुलीला घेऊन तिथे रात्र काढायची? मागच्या वेळी निघालो तर पाणी आलंच नाही. नवरा कामावरून आल्याशिवाय कसं निघू? हे शेवटचं कारण किरकोळ समजू नका. बांगलादेशात १९९१ ला पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त गेल्या, आणि घरात थांबून राहणं, निवाऱ्यात आडोसा नसणं ही त्यामागची मोठी कारणं होती. या प्रत्येक कारणाला उत्तर आहे, फक्त ते पावसाळ्याआधी शोधावं लागतं. जनावरांसाठी उंचावरची जागा ठरवा, आणि सोडायला सवड मिळाली नाही तर निदान दावी कापून मोकळी करायची हे सांगून ठेवा. रस्ता चालू असेपर्यंत वस्तीच्या तोंडाशी पाळीपाळीने राखण ठेवा. ‘कोणी घरी नसलं तरी बाईने मुलांना घेऊन निघायचं, सगळ्यांनी शाळेत भेटायचं’ हे प्रत्येक घरात, घरातल्या पुरुषांच्या तोंडून, आधीच बोललं गेलं पाहिजे.

आणखी एक. लोक घाबरून सैरावैरा पळतील या भीतीने इशारा मवाळ करून सांगायची सवय सगळीकडे आहे. आपत्तीत माणसं कशी वागतात याचा अभ्यास एन्रिको क्वारांटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत काही दशकं केला, त्यासाठी १९६३ मध्ये खास केंद्र उभं केलं. त्यांना दिसलं ते असं की बेभान घबराट क्वचितच होते. उलट माणसं थांबतात, शेजारी काय करतोय ते बघतात, दोघातिघांना विचारून खात्री करतात. हा वेळ वाया जाणारच, तो कमी कसा करायचा एवढंच आपल्या हातात असतं. मी सुचवते ते असं: प्रत्येक गल्लीत ज्यांच्याकडे बघून बाकीचे वागतात अशी दोन घरं हेरा आणि त्यांच्याकडून शब्द घ्या की इशारा आला की ते सगळ्यात आधी, दिवे लावून, सगळ्यांना दिसेल असं निघतील. गल्लीतल्या जाणत्या बाईने पिशवी उचलून कुलूप लावलं की पुढची दहा घरं विचारायला येत नाहीत, तीही कुलूप शोधायला लागतात.

आता यादी. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण माझ्या मते सगळ्या तयारीचा हा कणा आहे. घरटी एक ओळ: माणसं किती, कोण स्वतः चालू शकतं आणि कोण नाही, कोणाला रोजची औषधं लागतात, इन्सुलिन किंवा डायलिसिस कोणाला आहे, गरोदर कोण, तान्ही बाळं किती, जनावरं किती, दिवसा घरात कोण असतं आणि रात्री कोण. भाडेकरू आणि हंगामापुरते आलेले मजूर हमखास सुटतात. त्यांनी तुमच्या नदीचा पूर कधी बघितलेला नसतो आणि भोंग्यावरची भाषाही कधी कधी कळत नाही, म्हणून त्यांची नावं आधी लिहा. यादी कागदावर करा, तीन प्रती तीन वेगळ्या घरांत प्लास्टिकमध्ये ठेवा. ग्रुपवर टाकू नका. कोणाच्या घरात कोण आजारी आहे, कोणती म्हातारी एकटी राहते ही माहिती चव्हाट्यावर यायला नको.

यादीवर लिहिलं म्हणजे झालं असंही नाही. एका वस्तीत अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या नावापुढे मुलांनी लिहिलं होतं, ‘चौघं खाटेसकट उचलतील.’ सरावाच्या दिवशी खाट दारातून निघाली आणि गल्लीच्या वळणावर अडली. पुढचे पाय वर केले की आजोबा खाली घसरत, आडवी धरली की खाट दोन्ही भिंतींना घासे. चौघं घामाघूम झाले. तेवढ्यात आजोबांची सून घरातून हाताची लाकडी खुर्ची घेऊन आली. खुर्चीच्या हातांच्या खालून दोन्ही बाजूंना बांबू घालून ते सुंभाने आवळले, आजोबांना बसवून चादरीने छातीशी बांधलं, आणि पुढे एक, मागे एक अशा दोघांनीच त्यांना वळणापलीकडे नेलं. चौघांऐवजी दोघं लागले, म्हणजे दुसऱ्या एका घरासाठी दोन माणसं मोकळी झाली. ती खुर्ची आणि बांबू पुढे त्यांच्या पडवीतच असत. असं काही कागदावर सुचत नाही.

यानंतर निघायची वेळ ठरवायची. ‘पाणी घराजवळ आलं की निघू’ हा हिशेब जवळजवळ प्रत्येक वस्तीत ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. तुमचं घर कधी बुडतं याला महत्त्व नाही. बाहेर पडायचा रस्ता त्याच्या सगळ्यात खोलगट जागी कधी बुडतो याला आहे. बहुतेक ठिकाणी तो घरांच्या कितीतरी आधी बुडतो, रस्त्याखालून पाणी जायला बांधलेल्या एखाद्या मोरीपाशी किंवा उतारावर. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन रस्ता चालत जा, ती जागा ते बोटाने दाखवतील. तिथून उलटं मोजा. समजा, सगळ्यात अवघड घराला बाहेर पडून शाळेत पोचायला दीड तास लागतो, पूर्ण वस्तीला तीन तास, आणि अंधार-पावसाचा एक तास वर धरला तर चार. म्हणजे ती मोरी बुडायच्या चार तास आधी नदी जिथे असते, ती तुमची निघायची खूण. जुन्या पुरांच्या आठवणींवरून आणि पाणी मोजणाऱ्या विभागाच्या नोंदींवरून ही उंची काढता येते.

ती खूण नदीकाठच्या एका खांबावर रंगवा. पिवळ्या पट्ट्याला पाणी लागलं की म्हातारी माणसं, आजारी, गरोदर बायका, लेकुरवाळ्या आणि जनावरं हलवायची. लाल पट्ट्याला लागलं की सगळे. खांब अशा जागी हवा की कोरड्या उंचवट्यावरून, रात्री टॉर्चच्या उजेडातही वाचता येईल. वाचायला कोणाला पाण्याजवळ जावं लागत असेल तर जागा चुकली. लाल पट्ट्याला बैठक नाही, कोणाला विचारणं नाही. पाणी बघून ठरवायला बसलं की एकजण हमखास म्हणतो, अजून अर्धा तास थांबू. तो वाद मे महिन्यात घालून संपवायचा असतो.

खांबाला एक मर्यादा आहे. वरच्या धरणातून अचानक विसर्ग वाढला तर पाणी पट्ट्यांचा हिशेब ठेवत नाही. म्हणून नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या एखाद्या वस्तीशी बोलणं करून ठेवा, त्यांच्याकडे पाणी वाढलं की त्यांनी तुम्हाला फोन करायचा आणि तुम्ही खालच्यांना. आपत्ती नियंत्रण कक्षातल्या माणसालाही तुमचा खांब आणि मोरी एकदा दाखवून आणा. पुढच्या वेळी तो नुसती पातळी सांगणार नाही, ‘तुमची मोरी अमुक वाजेपर्यंत जाईल’ असं सांगेल. अधिकृत आदेश आला तर पट्टा कोरडा असला तरी निघायचं.

पाणी न येताही निघावं लागेल, आणि तसं एकापेक्षा जास्त वेळा होईल. हे लोकांना पावसाळ्याआधी स्पष्ट सांगा. परत आल्यावर त्याच दिवशी काय झालं तेही सांगा: वरचा पाऊस थांबला, विसर्ग कमी केला, म्हणून वाचलो. हे सांगितलं नाही तर लोक स्वतःच अर्थ लावतात आणि पुढच्या वेळी घरात बसतात.

माणसं वाटताना एकाकडे पाच-सहा घरांपेक्षा जास्त देऊ नका आणि ती त्याच्या शेजारचीच असू द्या. जोडीने काम करा, म्हणजे एक नसला तरी दुसरा असतो. स्वयंसेवकाचं स्वतःचं घर आधी हललं पाहिजे. आई घरात अडकली असताना माणूस दुसऱ्याचं दार ठोठावत फिरू शकत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये. तुमच्या गटात सगळे तरुण मुलगे आहेत असं तुम्ही लिहिलंय. दिवसा त्यातले किती जण वस्तीत असतात? कामाच्या दिवशी दुपारी दोन वाजता पाणी आलं तर वस्तीत बायका, म्हातारे आणि मुलं असतील. म्हणून दिवसाची यादी बायकांच्या नावाने करा, नावापुरती नाही, तर भोंगा, किल्ल्या आणि निर्णयही त्यांच्या हातात देऊन. कोणत्या घरात काय आहे हे त्यांना मुलांपेक्षा पक्कं माहीत असतं.

आता व्हॉट्सअॅप. ग्रुप असावा, पण त्याच्या भरवशावर राहू नये. वीज गेली की मोबाइलचे टॉवर काही तासांत बंद पडतात, आणि रात्री एक वाजता मेसेज कोणी वाचत नाही. ग्रुपवर एकच काम ठेवा: ठरलेल्या दोघांनीच, तारीख आणि वेळ घालून, अधिकृत माहिती टाकायची. बाकीच्यांना त्या काळात लिहिता येणार नाही अशी सोय ग्रुपमध्ये आहे, ती वापरा. गेल्या वर्षीचे व्हिडिओ आज फिरतात आणि त्यावरून माणसं चुकीच्या दिशेला पळतात. मेसेजमध्ये काय होतंय, कोणी काय करायचं, किती वाजेपर्यंत आणि कुठे जायचं, एवढंच हवं. ‘नागरिकांनी सतर्क राहावे’ यातून कोणालाच काही कळत नाही. ‘आज दुपारी ३ वाजता पिवळा पट्टा बुडाला. खालच्या गल्लीतली म्हातारी, आजारी माणसं आणि लहान मुलं ५ वाजेपर्यंत शाळेत. मोरीचा रस्ता ७ नंतर बंद होईल असं धरा’ यातून कळतं. हाच मजकूर भोंग्यावर, आणि हाच दारात.

इथवरचा क्रम असा: न हललेल्यांना विचारा, यादी करा, मोरीवरून उलटं मोजून पट्टे रंगवा, शेजारच्या माणसाला घरं नेमून द्या. हे झालं की सराव. पहिल्या सरावाला पूर्ण वस्ती बाहेर काढू नका, त्याची जत्रा होते. यादीतली अवघड दहा घरं घ्या आणि घड्याळ लावा. दुसरा सराव रात्री, वीज बंद ठेवून. रात्रीच्या सरावात काय काय बाहेर येतं ते बघा: शाळेची किल्ली ज्याच्याकडे आहे तो गावाला गेलेला असतो, भोंग्याचे सेल संपलेले असतात, अंधारात उघड्या गटाराचा अंदाज येत नाही. किल्ली दोन घरांत हवी, तीही रस्ता बुडाल्यावर पोचता येईल अशा बाजूच्या.

आता बोट. माझं मत सध्या घेऊ नये असं आहे. पुराच्या पाण्यात बोट चालवणं हे संथ पाण्यात वल्ही मारण्यापेक्षा फार वेगळं कौशल्य आहे. खाली कुंपणाच्या तारा असतात, वर लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा, पाण्यातून येणारे ओंडके, आणि घराच्या कोपऱ्यावर पाण्याला अशी ओढ असते की बोट आडवी होते. भेदरलेली माणसं एकाच बाजूने चढतात आणि बोट उलटते. वाचवायला गेलेलेच बुडतात हे सगळ्या जगभर घडतं. साधी गोष्ट लक्षात घ्या: वेगाने वाहणारं पाणी १५ सेंटीमीटर असलं तरी धडधाकट माणसाचा तोल जातो, ३० सेंटीमीटरमध्ये छोटी मोटार तरंगू लागते आणि ६० सेंटीमीटरमध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात. म्हणजे घोट्याच्या जरा वरच्या पाण्यालाही मान द्यायचा. तुमच्या मुलांना काठावरून काठी पुढे करणं, दोर किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेकणं शिकवा. पाण्यात उतरायचं नाही, हेही शिकवाच.

वर्गणी भोंगे, टॉर्च, सेलवर चालणारा रेडिओ, मजबूत दोर, दोन स्ट्रेचर, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आणि शाळेच्या संडासाची कडी-दिवे यांवर खर्च करा. त्यातून उरलं तर लाइफ जॅकेटं घ्या, पाण्याजवळ काम करणाऱ्यांच्या अंगावर ती असलीच पाहिजेत. वस्तीतले काही जण पिढीजात होडी चालवणारे असतील तर गोष्ट वेगळी; त्यांना प्रशिक्षित पथकाबरोबर सराव मिळवून द्या आणि मग बोटीचं बघा.

निवाऱ्यात पोचल्यावर पहिलं काम म्हणजे दारात यादी घेऊन बसलेला माणूस. आलेल्याच्या नावावर खूण. तासाभरात कोण आलेलं नाही ते कळतं, आणि बचावपथकाला ‘बरेच जण अडकलेत’ ऐवजी ‘तिसऱ्या गल्लीत, पिंपळाच्या पलीकडच्या घरात दोघं, त्यातल्या एकाला चालता येत नाही’ असं सांगता येतं. जागेचा हिशेब आधी करा: मानवतावादी मदतीची जगभर वापरली जाणारी स्फिअर मानकं माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि दर २० माणसांमागे एक संडास धरतात. पहिल्या रात्री तेवढं जमणार नाही, पण शाळेच्या चार खोल्यांत दोनशे घरं मावत नाहीत हे मोजल्यावरच कळतं आणि दुसरी जागा शोधता येते.

परत जाण्याची घाई जीव घेते, यावर लोकांशी आधीच बोला. पाणी यायच्या आधी, कोरड्या हातांनी आणि कोरड्या जमिनीवर उभं राहून मेन स्विच बंद करायचा. पाण्यात उभं राहून त्याला हात लावायचा नाही. परतल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय वीज चालू करायची नाही. जनरेटर घरात किंवा खिडकीपाशी लावायचा नाही, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय मारतो. विहिरीचं पाणी उपसून, क्लोरीन टाकून, तपासून घेईपर्यंत पिण्याचं पाणी उकळा; उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, आधी निवळू द्या आणि गाळून घ्या. रसायनं किंवा इंधन मिसळलेलं पाणी उकळूनही पिण्याजोगं होत नाही. चिखल काढताना बूट आणि हातमोजे हवेत, पायाला जखम असेल तर जास्तच; लेप्टोस्पायरोसिस हा पुराच्या पाण्यातून होणारा आजार तिथूनच शिरतो, आणि ताप आला की पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना सांगायचं. जुलाब लागले आणि ओआरएसची पाकिटं नसली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मापं चुकवू नका.

मनाचंही बघा. घरात चिखल बघून माणूस सुन्न होतो, लहान मुलं रात्री दचकून उठतात. त्यांना प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. जवळ बसा, बोलतील तेव्हा ऐका, मुलांची शाळा आणि खेळ लवकर सुरू करा. काही आठवडे उलटूनही झोप, भूक परतली नाही किंवा कोणी जिवाचं बरंवाईट करून घेण्याबद्दल बोलू लागलं तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्या.

राहिला मदतीचा प्रश्न. बाहेरून येणारी मदत देणाऱ्याच्या अंदाजाने येते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते आणि ते उचलण्यातच माणसं गुंतली. म्हणून पहिल्याच दिवशी वस्तीने स्वतःची गरज ठरवून, एकाच फोन नंबरसह बाहेर कळवावी: काय हवं, किती हवं आणि काय पाठवू नका. ‘जुने कपडे नकोत’ असं लिहायला संकोच करू नका. आसपासची दुकानं चालू असतील तर वस्तूंपेक्षा रोख मदत कितीतरी बरी. एकाला औषध हवं असतं, दुसऱ्याला पत्रे, तिसऱ्याला मुलाची वह्या-पुस्तकं.

भांडणं बहुधा वस्तू कमी पडल्याने होत नाहीत, कोणाला काय मिळालं हे न कळल्याने होतात. म्हणून तीच घरांची यादी वाटपाला वापरा, मात्र आजारपणाचे तपशील काढून. काय आलं, किती आलं, कोणत्या घराला काय दिलं हे फळ्यावर लिहा. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना रांगेत उभं करू नका, त्यांचं घरी पोचवा. सॅनिटरी पॅड आणि आतले कपडे बायकांनीच, आडोशाला वाटावेत. आणि वाटप सुरू करण्याआधी यादी एक दिवस फळ्यावर राहू द्या, ज्यांचं नाव सुटलंय त्यांना येऊन सांगता येईल. सगळ्यात आधी येतील ते भाडेकरू आणि मजूर. त्यांच्याकडे पत्त्याचा कागद नसेल, तेव्हा शेजारच्या दोन घरांची साक्ष पुरेशी माना.